सातारा-सांगलीहून मुंबईच्या चित्रदालनांत हिवाळ्यातला एक दिवस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीची सुट्टी सरली की हे प्रश्न यायला लागतात, ते फेब्रुवारी संपेपर्यंत थांबत नाहीत. बहुतेकांचा बेत सारखाच असतो: रात्रीच्या गाडीने मुंबई, दिवसभर चित्रं-शिल्पं, रात्रीच्या गाडीने परत. तिकिटांचे दर इथे मुद्दाम दिलेले नाहीत, कारण ते बदलत राहतात. वेळाही निघायच्या आदल्या दिवशी एकदा तपासून घ्या.

१. एका दिवसात किती ठिकाणं होतात?

मोठी दोन, छोटी दोन-तीन. त्यापेक्षा जास्त ठरवलंत तर मोजणी होईल, बघणं होणार नाही. काळा घोडा परिसरात छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय (जुन्या लोकांचं प्रिन्स ऑफ वेल्स), राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय म्हणजे एनजीएमए आणि जहांगीर आर्ट गॅलरी ही तिन्ही एकमेकांपासून पाच मिनिटांच्या चालीवर आहेत. खासगी गॅलऱ्याही आसपासच्या फोर्ट-कुलाब्यात. एक दिवस असेल तर याच पट्ट्यात राहा. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय वेगळ्या दिशेला आहे, त्याबद्दल प्रश्न ११ पाहा. गेट वे, राणीची बाग आणि चौपाटी त्याच दिवशी कोंबायची असेल, तर चित्रांचं नाव काढू नका.

२. हिवाळ्यातच का जायचं? आणि स्वेटर न्यायचा का?

पावसाळ्यात ओल्या चपला आणि गळती छत्री घेऊन दालनांतून फिरावं लागतं. मे महिन्यात दोन इमारतींमधलं दहा मिनिटांचं अंतरही घामाने जड होतं. डिसेंबर ते फेब्रुवारी चालणं सुखाचं असतं आणि गॅलऱ्यांचा प्रदर्शनांचा हंगामही भरात असतो.

स्वेटर न्या, पण तो पिशवीत जाणार हे धरून. साताऱ्याच्या फलाटावर मध्यरात्री कुडकुडायला होतं आणि मुंबईत दुपारी शर्टसुद्धा नकोसा होतो. काही दालनं मात्र वातानुकूलित असतात, तासाभराने हात गार पडतात. पातळ शाल किंवा ओढणी जवळ असू द्या. डिसेंबरात मुंबईत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून इमारती बाहेरून बघायच्या असतील तर ते काम संध्याकाळवर ढकलू नका.

हिवाळ्याची एक अडचण कुणी आधी सांगत नाही, ती म्हणजे शाळांच्या सहली. डिसेंबर-जानेवारीत वस्तुसंग्रहालयात अकराच्या पुढे रांगाच्या रांगा येतात. त्यावरचा उपाय प्रश्न ५ मध्ये आहे.

३. कोणत्या वारी जावं?

गुरुवार, शुक्रवार किंवा शनिवार. नोकरदारांना शनिवार बरा. कारण असं:

वस्तुसंग्रहालय काही राष्ट्रीय सुट्ट्या सोडल्या तर रोज उघडं असतं, सकाळी सव्वादहा ते संध्याकाळी सहा. एनजीएमए सोमवारी बंद. भाऊ दाजी लाड बुधवारी बंद. खासगी गॅलऱ्या बहुतेक रविवारी बंद. जहांगीर रोज अकरा ते सात उघडी असते, पण तिथली प्रदर्शनं साधारण मंगळवारी सुरू होऊन पुढच्या सोमवारी संपतात. सोमवारी दुपारनंतर गेलात तर चित्रकार बबल-रॅप गुंडाळताना दिसतील, मंगळवारी सकाळी खिळे ठोकताना.

२६ जानेवारीची सुट्टी बघून बेत आखणारे दरवर्षी फसतात. त्या दिवशी निघण्याआधी प्रत्येक ठिकाणची खात्री करा.

४. कसं जायचं? तिकीट काढताना काय चुकतं?

एका दिवसाच्या बेताला कोल्हापूरहून येणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस सगळ्यात सोयीची. मिरज-सांगलीला ती रात्री दहाच्या आसपास मिळते, साताऱ्याला मध्यरात्र उलटल्यावर, आणि सकाळी साडेसातच्या सुमारास सीएसएमटी. परतीची गाडी रात्री साडेआठच्या आसपास सुटते. कोयना एक्स्प्रेस दिवसा धावते, तिने दिवस गाडीतच जातो.

चूक होते ती साताऱ्याच्या तारखेत. शनिवारी मुंबईत असायचं असेल तर सांगलीकरांनी शुक्रवारचं आरक्षण करायचं. साताऱ्यात मात्र गाडी येईपर्यंत तारीख बदललेली असते, म्हणून तिथून चढणाऱ्यांचं तिकीट शनिवारचं हवं. शुक्रवारचं काढलंत तर तुमची गाडी आदल्या रात्रीच निघून गेलेली असेल. साताऱ्याचं स्टेशन गावात नाही, माहुलीकडे आहे. त्या वेळेला रिक्षा आधी सांगून ठेवावी लागते. परत येताना साताऱ्याला पहाटेच्या अंधारात उतरायचं असतं, तेव्हा गजर लावा, नाहीतर डोळा कराडला उघडतो.

बसने येणाऱ्यांनी दादरला उतरून मध्य रेल्वेची लोकल धरावी, वीसेक मिनिटांत सीएसएमटी.

५. दिवसाचा क्रम कसा लावावा?

सकाळी स्टेशनच्या प्रतीक्षालयात आवरून घ्या. मोठी बॅग क्लोकरूममध्ये ठेवा. बॅगेला कुलूप नसेल तर ती घेत नाहीत, म्हणून छोटं कुलूप घरून न्या. प्रवासाचं तिकीट आणि ओळखपत्र हाताशी ठेवा. नाश्ता स्टेशनसमोरच उरका.

नऊ-सव्वानऊला चालत निघा. दादाभाई नौरोजी रस्त्याने हुतात्मा चौक, तिथून सरळ काळा घोडा, रमतगमत अर्धा तास. चालायचं नसेल तर भुयारी मेट्रोचं हुतात्मा चौक स्थानक आहे. पण ही सकाळची चाल सोडू नये असं आमचं मत आहे. दुकानांची शटर उघडलेली नसतात, त्यामुळे कमानी आणि दगडी नक्षी वर मान करून बघता येते.

सव्वादहाला वस्तुसंग्रहालयात पहिल्या माणसांत आत जा आणि थेट वरच्या मजल्यावर चढा. सहली तळमजल्यापासून सुरू करतात. त्या वर येईपर्यंत तुमची लघुचित्रं बघून झालेली असतील, मग तुम्ही खाली या. एकच्या सुमारास जेवण. दोनला एनजीएमए, साडेतीनला जहांगीर, साडेचार ते सहा एखाद-दोन खासगी गॅलऱ्या. सातपर्यंत स्टेशनवर.

६. वस्तुसंग्रहालय प्रचंड आहे. चित्रांसाठी आलोय तर नेमकं काय बघू?

आधी इमारत. जॉर्ज विटेट यांनी आराखडा केला, १९०५ मध्ये पायाभरणी झाली, पहिल्या महायुद्धात इथे लष्करी रुग्णालय होतं आणि लोकांसाठी दारं उघडली १९२२ मध्ये. घुमट बघून सांगलीकरांना विजापूरचा गोलघुमट आठवतो, आणि ते बरोबरच आहे. आत मधल्या दालनातलं लाकडी काम नाशिककडच्या एका वाड्यातून आणलेलं आहे.

मग लघुचित्रं. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, किमान पाऊण तास. मुघल, राजस्थानी, पहाडी आणि दख्खनी अशा शैली एका छताखाली मिळतात. हाताने बनवलेले कागद एकावर एक चिकटवून वसली, म्हणजे चित्राचा जाड कागद, करायची, चित्र झालं की पालथं ठेवून मागून गुळगुळीत दगडाने घोटायचं, म्हणजे रंग कागदात बसतो आणि चकाकी येते. केस न केस रंगवायला खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला. हे माहीत असलं की वीतभर चित्रासमोर पाच मिनिटं सहज जातात. चेहरे बघून पुढे जाऊ नका, कडा बघा: झाडाची पानं, कनातीची नक्षी, कोपऱ्यातला हुक्का धरलेला सेवक. दख्खनी चित्रांतले कपडे आणि दागिने आपल्याकडच्या जुन्या घराण्यांशी कुठे जुळतात ते शोधायला मजा येते.

दालन अंधारं का, असं बरेच जण तक्रारीच्या सुरात विचारतात. कागदावरचे रंग प्रकाशाने उडतात आणि उडालेला रंग परत येत नाही. म्हणून अशा चित्रांवर सुमारे ५० लक्सच (लक्स हे उजेड मोजायचं माप) उजेड ठेवण्याची पद्धत आहे. तैलचित्रांना त्याच्या चौपटीपर्यंत चालतो. आत गेल्यावर दोन-तीन मिनिटं थांबा, डोळे सरावतात. चाळिशीचा चष्मा विसरू नका, ही खरंच मोठी सूचना आहे.

खाली शिल्पदालनात ऐहोळेच्या मंदिराच्या छतावरचे ब्रह्मा-विष्णू-शिवाचे फलक आहेत. मूळचे छतावरचे, इथे भिंतीशी उभे, म्हणजे एरवी मान मोडून बघावं लागलं असतं ते समोरासमोर दिसतं. टाटा बंधूंच्या संग्रहातली युरोपीय चित्रं आहेत. आधुनिक चित्रांसाठी जहांगीर निकल्सन संग्रहाचं दालन याच इमारतीत आहे, मात्र तिथली मांडणी बदलत असते. शस्त्रं, नाणी, प्राणी हे सगळं दुसऱ्या फेरीला ठेवा. मराठीतला ऑडिओ गाइड मिळतो, तो घ्या.

७. एनजीएमएला गेलो तर अर्धी दालनं बंद होती. असं का?

कारण तिथे मुख्यतः फिरती प्रदर्शनं लागतात. एक उतरून दुसरं चढेपर्यंत मजलेच्या मजले बंद असतात. जाण्याआधी तिथे त्या दिवशी काय चालू आहे हे विचारून घेणं एवढाच उपाय.

इमारत १९११ ची, मूळचं कावसजी जहांगीर सभागृह. सभा, मैफली, सगळं तिथे व्हायचं. आतून नव्याने रचना करून १९९६ मध्ये तिथे हे कला संग्रहालय सुरू झालं. वळणदार जिन्याने एकेक अर्धगोल मजला चढत शेवटी घुमटाखाली पोचतो. प्रदर्शन बहुतेकदा खालून वर लावलेलं असतं, तेव्हा क्रम मोडू नका. गुडघ्यांचा त्रास असेल तर प्रश्न १४ पाहा.

८. जहांगीर आर्ट गॅलरीला तिकीट आहे का? तिथे काय अपेक्षा ठेवावी?

तिकीट नाही. १९५२ पासून ही गॅलरी चालू आहे आणि एकाच वेळी वेगवेगळ्या दालनांत वेगवेगळ्या चित्रकारांची प्रदर्शनं असतात. म्हणून दर्जा समान नसतो. एका दालनात थक्क व्हाल, शेजारच्यात दोन मिनिटांत बाहेर पडाल. दोन्ही चालतं.

इथली खरी कमाई म्हणजे चित्रकार बहुधा स्वतः खुर्ची टाकून बसलेला असतो. 'याचा अर्थ काय?' असं विचारलंत तर तो कंटाळतो, दिवसातून पन्नासदा तेच ऐकतो. 'हा पोत कसा आणलात?', 'आधी कुठला रंग लावला?' असं विचारा, मग बघा. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडचे चित्रकारही इथे प्रदर्शनं भरवतात. चित्राशेजारी लाल टिकली असेल तर ते विकलं गेलंय.

बाहेर फुटपाथवरही चित्रकार काम मांडून बसतात. तिथेही बघायला पैसे पडत नाहीत, फोटो मात्र विचारून.

९. खासगी गॅलरीत विकत न घेणाऱ्याला आत घेतात का?

घेतात, आणि फुकट. संकोच होतो तो दारामुळे: जुन्या इमारतीचा जिना, वर बंद काचेचं दार, बाहेर छोटीशी पाटी. बेल वाजवा, आत जा, नमस्कार करा, बघा. टेबलावर चित्रांची यादी असते, ती मागून घ्या, कारण अनेकदा भिंतीवर नावं लावलेली नसतात. १९६३ पासूनची केमोल्ड गॅलरी आता फोर्टात प्रेस्कॉट रोडवर आहे. कुलाब्याच्या गल्ल्यांत आणखी काही आहेत. साधारण सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा-सात. किंमत विचारायला हरकत नाही, पण फक्त आकडा ऐकून डोळे विस्फारायला विचारू नका.

१०. अमूर्त चित्रं कळत नाहीत. वेळ वाया जाईल का?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. 'कळणं' म्हणजे चित्रात काय काढलंय ते ओळखणं असं धरलं, तर खरंच वेळ वाया जाईल. भैरवी ऐकताना तिच्यात कुठलं झाड दिसतंय असं कुणी विचारत नाही.

करून बघण्यासारखं काही. चित्रापासून दोन-अडीच मीटर लांब उभे राहा आणि मिनिटभर काहीच ठरवू नका. नजर आपोआप कुठे जाते, कुठे अडते ते बघा. मग जवळ जा, कडेने बघा: रंग पातळ आहे की थर चढवलेत, कुंचल्याचा फटकारा आहे की सुरीचा. चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि सुरीने रंग चढवत-काढत, त्यामुळे त्यांच्या चित्रात उजेड आतून आल्यासारखा वाटतो. ही गोष्ट छापील पुस्तकात दिसतच नाही, प्रत्यक्षच बघावी लागते. मग पुन्हा लांब या. दुसऱ्यांदा चित्र वेगळं दिसलं तर त्याने आपलं काम केलं. नाही दिसलं तर पुढच्या चित्राकडे वळा, अपराधी वाटून घेऊ नका.

थोडी पार्श्वभूमी मदत करते. १९४७ मध्ये मुंबईत सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे या कलावंतांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. त्याआधीची कलाशाळांतली वास्तववादी चित्रं डोळ्यांत बसलेली असतील तर या मंडळींनी काय मोडलं ते लगेच उमगतं. ती बसवायची सोय आपल्या जिल्ह्यात आहे, प्रश्न १७ पाहा.

११. मला फक्त रविवार / सोमवार / बुधवारच मोकळा आहे.

रविवार: वस्तुसंग्रहालय, एनजीएमए, जहांगीर चालू, खासगी गॅलऱ्या सोडा. त्या वेळात भायखळ्याला भाऊ दाजी लाड उरकता येईल, पण मग ते सकाळी दहाला, सगळ्यात आधी. सीएसएमटीहून लोकलने तिसरं स्टेशन भायखळा, पूर्वेला उतरा, राणीच्या बागेच्या आवारात आहे. रविवारी बागेची गर्दी दारापासूनच असते.

सोमवार: एनजीएमए नाही, जहांगीर दुपारच्या आत. उरलेला वेळ भायखळ्याला.

बुधवार: काळा घोडा पट्टा पूर्ण होतो, भायखळ्याला जाऊ नका, बागही बंद असते.

भाऊ दाजी लाड हे १८७२ चं, पूर्वीचं नाव व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट. लंडनच्या त्याच नावाच्या संग्रहालयातून वाघनखं २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात आली होती, त्यामुळे हल्ली नावांचा घोळ होतो. भायखळ्यात वाघनखं नाहीत. तिथे शहराची जुनी प्रारूपं, मातीच्या बाहुल्या आणि हस्तकला आहे, तर आवारात घारापुरीचा मूळ दगडी हत्ती. दुरुस्तीसाठी ते अधूनमधून बंद राहिलेलं आहे, म्हणून विचारल्याशिवाय निघू नका.

१२. काळा घोडा महोत्सवाच्या दिवसांत यावं का?

जानेवारीअखेर-फेब्रुवारीच्या सुरुवातीला हा नऊ दिवसांचा महोत्सव भरतो, १९९९ पासून. रस्त्यावरची मांडणशिल्पं, नाच-गाणं, खाणं हवं असेल तर जरूर या. चित्रं शांतपणे बघायची असतील तर हे शनिवार-रविवार टाळा. फारच हौस असेल तर आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी या आणि चारच्या आत दालनं उरका.

आणि हो, तो घोडा. मूळ काळा पुतळा घोड्यावर बसलेल्या सातव्या एडवर्ड राजाचा, १९६५ मध्ये हलवला, आता राणीच्या बागेत आहे. चौकातला स्वार नसलेला घोडा २०१७ चा.

१३. फोटो काढता येतात का? स्केच?

ठिकाणागणिक नियम वेगळे, तिकीटखिडकीवर विचारा. काही ठिकाणी कॅमेऱ्याचं वेगळं तिकीट लागतं. फ्लॅश, ट्रायपॉड, सेल्फीकाठी नाही. फ्लॅशने तसाही काचेवरचा पांढरा गोळाच येतो.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी करणारी मुलं स्केचबुक घेऊन येतात, फार चांगलं आहे. पेन्सिल आणि छोटी वही साधारण चालते. शाई, जलरंग, पाण्याची बाटली उघडून बसणं चालत नाही. भिंतीला वा काचपेटीला टेकून काढू नका. सॅक पाठीवर असेल तर वळताना पेटीला लागते, ती पुढे घ्या किंवा बाहेर जमा करा.

१४. आई-वडील सत्तरीचे आहेत. झेपेल का?

वस्तुसंग्रहालय झेपेल, पण फक्त दोन दालनं आणि मध्ये बसून. चाकाची खुर्ची आणि लिफ्टबद्दल तिकीट काढतानाच विचारा. एनजीएमएमध्ये मजले आणि जिने आहेत, ते ठिकाण वगळा किंवा तळमजल्यापुरतं ठेवा. जहांगीर सोपी. रात्रीचा प्रवास करून त्याच दिवशी परत हे मात्र त्यांच्यासाठी नकोच, एक मुक्काम करा.

१५. मुलांना नेलं आणि नग्न चित्रं असली तर?

असू शकतात, आधुनिक चित्रांत तर नक्कीच. मुलं सहसा दोन सेकंद बघून पुढे जातात, मोठ्यांचीच धांदल होते. हा वाद जुना आहे: १९५४ मध्ये जहांगीरमधल्या प्रदर्शनातल्या चित्रांवरून चित्रकार अकबर पदमसींवर अश्लीलतेचा खटला झाला आणि ते सुटले. मुलं दहाच्या आतली असतील तर वस्तुसंग्रहालयातलं मुलांचं संग्रहालय आणि प्राणिविभाग ठेवा, आणि दिवसाला एकच ठिकाण.

१६. चित्र घेतलं तर महालक्ष्मीतून आणायचं कसं?

छोटं, फ्रेम केलेलं असेल तर कोपऱ्यांना पुठ्ठा, वर बबल-रॅप, आणि बर्थवर भिंतीकडे उभं. बर्थखाली सरकवू नका, कुणाची तरी ट्रंक त्यावर येते.

मोठा कॅनव्हास चौकटीवरून काढून गुंडाळता येतो. गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर ठेवायची, आत नाही. आत घेतली तर रंगाचा थर चेपून सुरकुततो आणि उलगडताना तडकतो. मध्ये आम्लरहित कागद, आणि नळी जितकी जाड तितकी बरी. तैलरंग जाड थराचा किंवा ताजा असेल तर गुंडाळूच नका, महिनोन् महिने आतून ओला असतो. तो चित्रकाराकडूनच पेटीत पाठवून घ्या. बिल आणि चित्रकाराच्या सहीचं प्रमाणपत्र त्याच वेळी मागा, नंतर फोन करून मिळवणं जिकिरीचं होतं.

१७. राजा रविवर्मा यांची चित्रं मुंबईत कुठे बघू?

आधी औंधला जा. साताऱ्याहून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, खटाव तालुक्यात, यमाईच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालय. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते. त्यांनी १९३८ मध्ये ते उभारलं. रविवर्मांची 'सैरंध्री' तिथे आहे. धुरंधर, बाबूराव पेंटर यांची चित्रं आहेत, 'किरातार्जुनीय' या संस्कृत काव्यावरची लघुचित्रं आहेत, युरोपीय चित्रांच्या नकला आहेत, आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचं 'मदर अँड चाइल्ड' हे शिल्पसुद्धा. मुंबईच्या भिंतींवर जे तुकड्यातुकड्याने दिसतं त्याची सुरुवात इथे एका इमारतीत आहे, आणि शेजारी धक्का मारायला गर्दी नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: एका रविवारी औंध, पुढच्या आठवड्यात मुंबई. 'सैरंध्री'तल्या साडीचा पोत आणि अंगावरचा उजेड डोळ्यांत असताना एनजीएमएचा जिना चढलात, तर प्रश्न १० ची निम्मी अडचण संपते. रविवर्मांचा छापखाना मुंबईत सुरू होऊन पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. महालक्ष्मी तिथून जाते, पण अंधारात, दिसत काही नाही.

औंधचं संग्रहालय सोमवारी बंद असतं. सांगलीकरांनी विट्यावरून यावं. डोंगरावर सकाळी गार वारं असतं, इथे मात्र स्वेटर अंगातच ठेवा.